एक भाग पूड, चार भाग पाणी

माझ्या नणंदेने बावीस वर्षांत माझ्या हातचं शेकडो वेळा खाल्लं आहे आणि एकदाही 'छान' म्हटलेलं नाही. 'चालेल' म्हणते. फारच खूश असली तर 'बरं आहे'. आणि निघताना, दारात बूट चढवता चढवता, 'मीठ जरा कमी होतं हं' एवढं ठेवून जाते. तिचा धंदाच तसा आहे. ती लोकांना गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक ठेवायचा आणि तो बिचारा जरा रंगात आला की ब्रेक दाबायचा, हे तिने तीस वर्षं केलं आहे. जेवताना मी एखाद्या पदार्थाबद्दल उत्साहाने बोलायला लागले की टेबलाखाली तिचा पाय हलतो. मी वाकून पाहिलं आहे.

तोंडावर मी तिला 'वन्सं, तुम्ही' म्हणते. पण ही गोष्ट मी तिच्या पाठीमागे सांगते आहे, म्हणून 'ती'.

दरवर्षी वन्सं सहा दिवस डोंगरात चालायला जाते. सोबत तिची मैत्रीण, दातांची डॉक्टर. यंदा त्या मैत्रिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वन्सं आमच्याकडे जेवताना हे सांगत होती आणि मी वाढत होते. काय संचारलं माझ्या अंगात कोण जाणे, मी म्हणाले, "मी येते."

नवऱ्याच्या हातातला चमचा ताटात पडला. वन्संने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"सहा दिवस आहेत. सगळं पाठीवर घ्यायचं. वर दुकान नाही, काही नाही."

"चालेल," मी तिचाच शब्द तिला परत केला.

"आणि जेवण? आम्ही तयार पाकिटं न्यायचो. ती मला आता बघवत नाहीत."

"जेवण माझ्याकडे. घरी करून, वाळवून नेईन. वर नुसतं गरम पाणी घालायचं."

"तुला जमेल?"

हा प्रश्न तिने साधेपणाने विचारला असेलही, पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी स्पष्टच सांगते, मला डोंगरबिंगर काही पाहायचा नव्हता. मला त्या बाईच्या तोंडून एकदा 'छान झालंय' ऐकायचं होतं. खाली घरात ते होत नव्हतं. वर, दिवसभर चालून भुकेने कासावीस झाल्यावर, जिथे दुसरं काही मिळणारच नाही अशा जागी, तरी निघतं का बघू, असा माझा हिशेब होता.

शिवाय वाळवण्यात मला कुणी शिकवावं अशी परिस्थिती नाही. मी पुस्तकं बांधते. कारखाना सासऱ्यांचा, ते आता नाहीत. नवरा सोनेरी अक्षरं उठवतो आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलतो, बाकीचं माझ्याकडे. सासऱ्यांनी मला आल्या आल्या पहिली गोष्ट शिकवली ती पुठ्ठे चिकटवायची खळ. गव्हाचं सत्त्व मंद आचेवर शिजवायचं, त्यात लवंगेची पूड घालायची, म्हणजे बुरशी धरत नाही. आमच्या खळीत विषारी काही पडत नाही, सासऱ्यांचा तो दंडक होता. मग ती पातळ पसरून, कपाटात वाळवून, कुटून, शंभर-शंभर ग्रॅमच्या पुड्या बांधायच्या. लागेल तेव्हा गरम पाणी घालायचं की ताजी खळ तयार. नवऱ्याच्या हातून थेट शिजवलेल्या खळीत गाठी होतात, म्हणून त्याला या पुड्याच द्याव्या लागतात. म्हणजे शिजवा, वाळवा, पुडी बांधा, पाणी घाला, हे मी बावीस वर्षं करत होते. फक्त खात नव्हते.

वाळवणाचं कपाट कारखान्याच्या मागच्या खोलीत आहे. जाळीचे आठ कप्पे, खाली हीटर, वर पंखा. त्यातले चार मी जेवणाला दिले. तीन आठवडे मी भात शिजवून वाळवला, मटार वाळवले, घेवड्याचे दाणे वाळवले, मशरूम वाळवले. किलोभर मशरूम वाळून माझ्या मुठीत मावले, तेव्हा भाजीवाल्याने फसवल्यासारखंच वाटलं. तेल-लोणी वाळत नाही, उलट खवट होतं, म्हणून सगळं बिनतेलाचं. तुकडे एका जाडीचे हवेत, नाहीतर पातळ जळतो आणि जाडा आतून ओला राहतो. वाळलेलं काचेच्या बरणीत भरायचं आणि दुसऱ्या दिवशी काचेवर दव दिसलं की पुन्हा कपाटात. बरण्या उजेडात धरून बघत बसण्याचा मला नादच लागला.

नवऱ्यावर प्रयोग चालू होते. रोज संध्याकाळी त्याच्यापुढे काहीतरी वाळवून पुन्हा भिजवलेलं यायचं.

"मला एक कळत नाही," तो एकदा घास चावत, बराच वेळ चावत, म्हणाला, "तू ताजी भाजी आणतेस, शिजवतेस, वाळवतेस, भिजवतेस, आणि मग आपण तीच भाजी खातो. यातला मधला प्रवास टाळता येणार नाही का?"

"तुम्ही नुसतं मीठ बरोबर आहे का सांगा."

"मीठ सापडलं. भाजी शोधतोय."

टोमॅटोचा रस्सा मी पत्र्यावर पसरून वाळवला तर त्याचा असा सुरेख, लवचिक, तांबडा पापुद्रा निघाला की विचारू नका. दुपारी कारखान्यात आले तर नवरा त्यावर पट्टी ठेवून पेन्सिलने खुणा करत होता. एका जाड शब्दकोशाच्या पाठीसाठी हे नवीन चामडं फार शोभेल असं त्याचं म्हणणं होतं. मी ते त्याच्या हातून ओढून घेतलं. तोवर एक कोपरा त्याने कापला होता, आणि तो कोपरा मी त्याला खायला लावला.

त्या दिवशीच मला कळायला हवं होतं की जेवण आणि पुस्तकं एकाच कपाटात ठेवणं बरं नव्हे. पण मी कुठली शहाणी! मी प्रत्येक पुडीवर नाव लिहिलं: भात-मशरूम, घेवडा, टोमॅटो. फक्त बटाट्याच्या पुडीवर लिहिलं नाही. बटाटे उकडून, कुस्करून, लसूण-मिरी घालून त्याची मी इतकी बारीक पांढरी पूड केली होती की तिचा मला अभिमान वाटत होता. मला वाटलं, पांढरं काय आहे ते मला दुसऱ्या कुणी सांगायला नको. आमच्या खळीच्या पुड्यांवरही आम्ही कधी नाव घालत नाही. कारखान्यात दुसरी पूड असतेच कुठे? प्रमाण तेवढं लिहितो: 'एक भाग पूड, चार भाग गरम पाणी, ढवळत राहा.' बटाट्यालाही नेमकं हेच प्रमाण लागत होतं. तेच मी त्याच शाईने, त्याच खाकी कागदावर लिहिलं. आत मेणकागदाचं अस्तर, त्यामुळे वासाचं नाव नाही. तीन पुड्या पिशवीत गेल्या, तीन खणात. निघताना मी नवऱ्याला बजावलं, "मुख्याध्यापिका बाईंच्या आठवणींचं पुस्तक बांधून द्यायचं आहे. शिवण झाली आहे. तुम्ही नुसतं पुठ्ठ्यात चिकटवा. खळीच्या पुड्या खणात आहेत. गाठी करू नका."

"पाणी घालून गाठी कशा होतील?" तो म्हणाला.

पहिल्या दिवशी आम्ही सात तास चढलो. वन्सं पुढे, मी मागे. वळणावर ती थांबून मागे बघायची आणि हात करायची, वाहतुकीत करतात तसा. माझ्या पोटऱ्या बोलायला लागल्या होत्या, पण मी तोंड उघडलं नाही. संध्याकाळी एका दगडी निवाऱ्यात छोटा स्टोव्ह पेटवला आणि भात-मशरूमवर उकळतं पाणी ओतलं. भांड्याला मी बनातीची टोपी शिवून आणली होती. दहा मिनिटं झाकून ठेवलं आणि पुढे केलं.

वन्संने खाल्लं. मी तिच्या जबड्याकडे बघत होते. जबडा हलत होता, थांबत होता, पुन्हा हलत होता.

"मशरूम जरा चिवट आहेत," ती म्हणाली. "पण चालेल."

दुसऱ्या दिवशी घेवडा. वर गेलं की पाणी लवकर उकळतं पण तितकं तापत नाही, त्यामुळे भिजायला दुप्पट वेळ लागतो, हे मी वाचलं होतं. पण भूक लागल्यावर वाचलेलं कुणाला आठवतं? दाणे भांड्यात खुळखुळत होते. वन्संने एक दाणा दाताखाली धरला. कट्ट असा आवाज मलाही ऐकू आला.

"क्लच न दाबताच गिअर टाकलास," ती म्हणाली. "नशीब, आमची डॉक्टर आली नाही. तिला सुट्टीतही काम लागलं असतं."

मी हसले, पण मला रडू येत होतं. तीन आठवडे राबले होते मी. 'चालेल' सुद्धा हातचं गेलं होतं. आता मदार सगळी बटाट्यावर.

तिसऱ्या दिवशी खिंडीत वारा इतका होता की वन्संच्या हातातला नकाशा घडीवर उभा फाटला. त्या नकाशावर तिने तीस वर्षांच्या वाटा पेन्सिलने काढलेल्या होत्या. तिने दोन तुकडे सॅकच्या खिशात ठेवले आणि पुढे चालू लागली. मुक्कामाला एका तळ्याकाठच्या झोपडीत पोचलो. मी पुडी फोडली, पाणी ओतलं आणि ढवळत राहिले.

बटाटा फारच तुळतुळीत दिसत होता. पांढरा, आणि कडेने काचेसारखा जरा आरपार. डोंगरातलं पाणीच वेगळं, असं मी स्वतःला समजावलं. वाफ उलट्या दिशेला जात होती आणि नाक तर सर्दीने बंद. मी वाटी वन्संच्या हातात दिली.

तिने एक घास घेतला आणि थांबली.

मग दुसरा घेतला. मग वाटीत बघत तिसरा. टेबल नव्हतं, त्यामुळे पाय सरळ दिसत होता. पाय अगदी स्थिर होता.

"छान झालंय," ती म्हणाली.

मी म्हटलं, "काय?"

"छान झालंय म्हटलं. अजून आहे?"

मी भांडं सगळं तिच्या वाटीत उलटं केलं. मला गहिवरून आलं. बावीस वर्षं! त्या क्षणी मला कुणी आणखी सात तास चढ म्हटलं असतं तर मी नाचत चढले असते. भांड्याच्या तळाला राहिलेलं मी बोटाने पुसून तोंडात घातलं.

खळ.

बोटाला लागलेला तो चिकट मऊपणा, मागून हळूच जिभेला चुणचुणणारी लवंग. मिठाचा कण नाही, मिरी नाही, लसूण नाही. मी माझ्या नणंदेला पुस्तकं चिकटवायची खळ खायला घातली होती, आणि तिने मागून घेतली होती.

माझं धाबं दणाणलं. सांगावं तर ते 'छान' परत जाणार, आणि उरलेल्या आयुष्यात प्रत्येक जेवणाला ही खळ उगाळली जाणार. न सांगावं तर... सत्त्व आणि लवंग, त्याने माणूस काही मरत नाही. मी गप्प बसले. वन्सं तळ्यावर पाणी आणायला गेली तेव्हा भांड्याच्या कडेचं खरवडून मी तिच्या सॅकमधले नकाशाचे दोन तुकडे पाठीमागून कागदाची पट्टी लावून जोडले. निदान पापाचा थोडा तरी उपयोग व्हावा. ती आली, नकाशा पाहिला, घडीवरून बोट फिरवलं, नाकाशी नेला आणि पुन्हा खिशात ठेवला.

सकाळी मी ती नीट बोलते का, जांभई देताना तोंड पूर्ण उघडतं का, ते बघत होते. सगळं उघडत होतं.

"आज काय आहे?" तिने विचारलं. "कालचं ते पांढरं आहे का?"

पिशवीत आणखी दोन पुड्या होत्या. तिने दोन्ही संपवल्या. शेवटच्या दिवशी टोमॅटो खाताना म्हणाली, "हे आंबट आहे, पण चालेल." आणि मी मनात म्हटलं, बाई गं, स्वयंपाकाला चालेल आणि डिंकाला छान, हे माझं नशीब.

सहाव्या दिवशी दुपारी आम्ही उतरलो. वन्संनेच गाडी चालवली. मी शेजारी बसले होते आणि माझ्या पायाखाली तो तिचा ब्रेक होता, पण दाबायची माझी हिंमत झाली नाही. घरी जायच्या आधी मला कारखान्यात खण उघडून बघायचा होता. मला वाटलं, ती मला दारात सोडून जाईल. ती माझी सॅक घेऊन आत आली. सासरे गेल्यापासून एकोणीस वर्षांत तिने तिथे पाऊल टाकलं नव्हतं.

आत मुख्याध्यापिका बाई उभ्या होत्या. एका हातात त्यांचं पुस्तक, दुसऱ्या हातात पट्टा, आणि पट्ट्याच्या टोकाला एक ठेंगणा, लांब कानांचा कुत्रा. कुत्र्याची नजर पुस्तकावर खिळली होती आणि लाळ जमिनीवर टपकत होती.

"माझ्या आयुष्यात कुणी माझ्या लिखाणात इतका रस घेतलेला नाही," बाई माझ्या नवऱ्याला सांगत होत्या, "पण हा कपाटासमोरून हलतच नाही. काल एक कोपरा वाचून संपवला."

कोपरा खरोखरच चघळलेला होता. नवरा ततपप करत होता. "बांधणी पक्की आहे हो. खळ जरा लवकर घट्ट झाली, पण गाठ एक नाही. हो की नाही गं?" मला पाहून त्याला हायसं वाटलं.

मी खण उघडला. पुड्या नव्हत्या. पुस्तक हातात घेऊन पुठ्ठा उघडला आणि लसणाचा घमघमाट आला. सहा दिवसांच्या चालण्याने मोकळं झालेलं माझं नाक नेमकं तेव्हाच चालू व्हायचं होतं.

"अहो, हे बटाट्याने चिकटवलंय," मी म्हणाले.

"बटाट्याने?" नवरा म्हणाला. "मग खळ कुठे गेली?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मुख्याध्यापिका बाई माझ्याकडे बघत होत्या, नवरा बघत होता, कुत्रा पुस्तकाकडे बघत होता. वन्संकडे बघायचा मला धीर नव्हता.

"वन्सं," मी जमिनीकडे बघत म्हणाले, "तिसऱ्या दिवशी तुम्ही जे खाल्लंत ना... आणि चौथ्या... आणि पाचव्या..."

"खळ होती," वन्सं म्हणाली. "माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"अगं, मी या कारखान्यात वाढले. बाबा मला ब्रश धुवायला द्यायचे आणि मी तो धुवायच्या आधी चाटायचे. पहिल्या घासाला ओळखली मी. नकाशाला तीच लावलीस ना? वास आला." ती बोलता बोलता वाळवणाच्या कपाटापाशी गेली आणि त्याच्या दारावर हात ठेवून उभी राहिली. "बाबा गेल्यावर मला वाटलं, ती चव संपली. याच्याने तर गाठीच व्हायच्या."

"आता होत नाहीत," नवरा म्हणाला.

"तू बटाटा लावतोस, तू बोलू नकोस." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मी बावीस वर्षं तुझ्या स्वयंपाकघरात येऊन बसत होते. तू हे इथे करतेस, अगदी त्यांच्यासारखं, ते मला माहीतच नव्हतं. छान म्हटलं ते खळीलाच म्हटलं. मला कुणी फसवून छान म्हणवून घेईल असं वाटलं तुला?"

मला एकदम रडू फुटलं. मुख्याध्यापिका बाईंनी मला रुमाल दिला. मी त्यांना पुस्तक फुकटात नव्याने बांधून देईन, असं हुंदके देत सांगितलं. त्या म्हणाल्या घाई नाही, निदान घरात कुणीतरी वाचतंय.

वन्संने पुस्तक माझ्या हातातून घेतलं. पुठ्ठा उघडला, बोट जिभेवर ओलं केलं, सांध्यावरून फिरवलं आणि तोंडात घातलं. आम्ही तिघंही, आणि कुत्राही, तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"मीठ जरा कमी आहे हं," ती म्हणाली.